जेवढा डाग, तेवढाच रंग

माझ्या आजीचं तैलचित्र अख्ख्या पुनावळ्याला माहीत आहे, कारण ते मीच सगळ्यांना दाखवत आलोय. घरी आलेला माणूस चपला काढतो न काढतो तोच मी त्याला हॉलच्या भिंतीपाशी नेणार, हिरव्या लुगड्यात खुर्चीवर बसलेली यशोदाबाई दाखवणार, चित्राच्या डाव्या बाजूला टोपी घालून उभा असलेला आठ वर्षांचा माझा बाप दाखवणार, आणि मग वाकून कोपऱ्यातल्या सहीवर बोट ठेवणार. लग्नपत्रिका द्यायला आलेले, मतं मागायला आलेले, पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेला, यातून कुणी सुटलेलं नाही. पूनम, माझी बायको, म्हणते की तुम्ही आता तिकीट लावा.

चित्रामागची गोष्टही मी रंगवून सांगतो. एक्कावन्न साली गणराज नावाचा चित्रकार संस्थानातली नोकरी सुटल्यावर रंगांची पेटी घेऊन मावळात हिंडत होता. आमच्या गावात त्याला हिवतापानं गाठलं. आजीनं अकरा दिवस त्याला पेज पाजली, आणि हिंडाफिरायला लागल्यावर त्यानं पैसे नाहीत म्हणून हे चित्र काढून दिलं. आमची मुलगी अपेक्षा वाकडला आयटीत आहे. तिनं ही गोष्ट कुठंतरी इंटरनेटवर टाकली, आणि पुण्याहून विजयश्री नावाच्या बाईंचा फोन आला. जुनी चित्रं तपासून ती खरी की नक्कल, हे ठरवणं हा त्यांचा धंदा. त्या म्हणाल्या, गणराजची चित्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत, तुमचं खरं निघालं तर त्याला मोठं मोल आहे. फक्त चित्र होताना बघितलेलं कुणी हयात असेल, तर त्याचा जबाब लागेल.

एवढी हौस असलेल्या माणसाला हे ऐकून नाचावंसं वाटायला हवं होतं. मी फोन कसा ठेवावा ते बघायला लागलो. कारण चित्र होताना बघितलेलं एकच माणूस हयात होतं, माझी आत्या शालनबाई. आणि जे मी कुणाला दाखवलं नव्हतं, ते तिला न दाखवताही माहीत होतं. त्या चित्रात मुळात तीन माणसं होती.

तिसरी तीच. पाच वर्षांची शालन, पिवळं परकर-पोलकं, दोन वेण्या, उजवा हात आईच्या गुडघ्यावर. चित्र झालं आणि दुसऱ्या वर्षी आजी बाळंतपणात गेली. आत्याकडे आईचा फोटो नाही, स्वतःचा लहानपणीचा नाही. आई आणि ती एकत्र, असं जगात एकच ठिकाण होतं, आमची भिंत.

दोन हजार सहा साली, आजोबा भिमाजी वारल्यावर, हायवेकडची जमीन बिल्डरला द्यायची ठरली. वारस दोन, मुलगा आणि मुलगी. आमच्याकडे अशा वेळी बहिणीला बोलावतात, ती हक्कसोडपत्रावर सही करते, भाऊ तिला साडी देतो, ती पुरणपोळी खाऊन आपल्या घरी जाते. शंभरातल्या नव्वद बहिणी असंच करतात आणि त्यात कुणाला काही वाटतही नाही. पण अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, धास्ती होती की आत्याचा नवरा आडवा पडेल आणि वाटा मागेल. म्हणून तिला विचारायचंच नाही असं ठरलं. प्रतिज्ञापत्राचा कच्चा मजकूर मी लिहिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. 'मयतास चिमाजी हा एकच मुलगा असून अन्य कोणीही वारस नाही.'

बिल्डरचा वकील कागद बघायला घरी येणार होता. त्याच्या दोन दिवस आधी अप्पा भिंतीकडे बघत बसले आणि म्हणाले, "हिचं काय करायचं? ही पोर कोण म्हणून वकिलानं विचारलं तर? उतरवून माळ्यावर टाकू का?"

टाकलं असतं तरी भागलं असतं. हे मी गेली कैक वर्षं स्वतःला सांगतोय. पण मी तेव्हा चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला होतो, आणि टच-अपमध्ये माझ्यासारखा हात तिथं दुसरा नव्हता. दारावरचा ओरखडा मी असा बुजवायचो की तपासणीच्या बोगद्यात, जिथं दोन्ही बाजूंनी ट्यूबलाइटा पेटलेल्या असतात आणि केसाएवढा दोष लपत नाही, तिथंही तो सापडायचा नाही. माझे हात शिवशिवायला लागले. मी छाती काढून म्हणालो, "उतरवता कशाला अप्पा? मी आहे ना."

जेवणाच्या डब्यात चार शेड घेऊन घरी आलो. टच-अपचा पहिला नियम असा, की जेवढा डाग तेवढाच रंग. बाजूच्या चांगल्या रंगावर थेंबही जाता कामा नये. मी तो नियम काटेकोर पाळला. पायांपासून सुरुवात केली, चेहरा शेवटी घेतला. मुलीच्या जागी मागची भिंत आली, भिंतीपुढं एक बुटकं स्टूल आलं, स्टुलावर पितळी तांब्या. आईच्या गुडघ्यावरचा हात लुगड्याच्या हिरव्यात बुजवला. वकील आला, चहा प्याला आणि तांब्याचं फार कौतुक केलं. पूनमला सगळं माहीत होतं, कारण तो डबा तिनंच घासला आणि रंग काही निघता निघेना.

जमिनीचं आत्याला मागाहून कळलं. तिनं कोर्टकचेरी केली नाही, शिवी दिली नाही. भाऊबीजेला यायची बंद झाली, एवढंच. पुढं अप्पा गेले तेव्हा दहाव्याला आली होती, पण मी भिंतीला रंग द्यायचाय म्हणून चित्र चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. ती दोनदा भिंतीकडे बघून गेली.

म्हणून विजयश्रीबाईंनी फोनवर विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, "तसं कुणी राहिलेलं नाही." जिवंत माणसाला असं दुसऱ्यांदा कमी केलं. एकदा कागदावर केलं की जीभ सरावते.

विजयश्रीबाई एका शनिवारी दुपारी आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. हातमोजे घालून त्यांनी चित्र उतरवलं, टेबलावर पालथं घातलं, कापडाची वीण बघितली, गंजलेले खिळे बघितले, मग भिंगातून सही न्याहाळली. मी शेजारी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा उभा. त्यांनी तांब्यावरून भिंग फिरवलं आणि पुढं गेल्या. मला हायसं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा गर्वही वाटला. कंपनीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी आपलं काम अजून पास होतंय, असं मनात आलं.

त्यांनी चित्र पुन्हा भिंतीवर लावलं आणि बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. अपेक्षा आत आली ती कुणाचा तरी हात धरून. "पप्पा, तुम्ही म्हणालात कुणी नाही म्हणून. चिखलीच्या आजी कशा विसरलात? मीच घेऊन आले."

आत्या उंबऱ्यात उभी होती. एकोणऐंशी वर्षांची, वाळून गेलेली, पण ठेवणीतलं लुगडं नेसलेली आणि केसांना तेल लावून चापून अंबाडा घातलेला. फोटो काढायला निघाल्यासारखी नटून आली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बरा हायेस का शेखर?" आणि उत्तराची वाट न बघता तिची नजर भिंतीकडे गेली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नाही. फरशीकडे बघत राहिलो. तिची पावलं चित्राच्या दिशेनं गेलेली दिसली, थांबलेली दिसली.

"आजी, बसा," विजयश्रीबाई म्हणाल्या. त्यांनी वही काढली. "हे चित्र काढताना तुम्ही होता ना? काय काय आठवतं?"

"सगळं आठवतंय की." आत्याचा आवाज बारीक झाला होता. "आई खुर्चीत बसलेली. दादा ह्या अंगाला. आन् मी त्या अंगाला. पिवळं परकर व्हतं माझं. चितारी म्हणायचा, हलू नगं. माझ्या नाकावर माशी बसायची आन् मला हसू यायचं."

विजयश्रीबाईंचं पेन थांबलं. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग आत्याकडे. "आजी, त्या बाजूला तर स्टूल आहे."

"व्हय. तेच बघतीया मी."

"म्हणजे हे चित्र ते नव्हेच असं होऊ शकतं," त्या मला म्हणाल्या. "मूळ चित्र दुसरीकडे गेलं असेल आणि ही कुणीतरी मागाहून केलेली नक्कल असेल. आजींची आठवण बरोबर असेल, तर हे चित्र खरं आहे असं मी लिहून देऊ शकत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं बोलायला त्याहून चांगली वेळ मला परमेश्वरानं दिली नसती. तोंड उघडायचं आणि दोन वाक्यं बोलायची, बस्स. मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "मॅडम, आत्याचं वय झालंय. आजोबांनी गोष्टी सांगितल्या असतील, त्याच डोक्यात बसल्यात. चित्रात ती कधी नव्हतीच. मी लहानपणापासून बघतोय ना, पहिल्यापासून स्टूलच आहे."

स्वयंपाकघराच्या दारात पूनम कपांचा ट्रे घेऊन उभी होती. ती तशीच मागं वळली.

आत्या माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती विचारात पडली. हातातला रुमाल उलटासुलटा करत म्हणाली, "आसंल बाबा. आता समदं आठवतंच आसं न्हाई. मलाच सपान पडलं आसंल." मग विजयश्रीबाईंना म्हणाली, "ते खोडून टाका बाई. उगं पोराचं काम आडायचं."

उभ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि तरी मी गप्पच राहिलो, हे लिहून ठेवतो.

विजयश्रीबाईंनी काही खोडलं नाही. वही मिटून म्हणाल्या, "एक तपासणी राहिलीय. पडदे ओढून घ्याल का?" अपेक्षानं सगळे पडदे लावले, दार लोटलं. बाईंनी पिशवीतून टॉर्चसारखा एक दिवा काढला. "याच्या उजेडात जुनं वॉर्निश हिरवट चमकतं. त्यावर मागाहून कुणी रंग लावला असेल, तर तेवढाच काळा राहतो. साध्या उजेडात तो कितीही बेमालूम असू दे."

हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं रंगात काढली आणि हे माहीत नव्हतं.

जांभळा उजेड चित्रावर पडला. आजी हिरवट उजळली, अप्पा उजळले, खुर्ची उजळली. आणि उजव्या बाजूला एक मुलगी उभी होती. काळीकुट्ट, पण मुलगीच. परकराचा घेर, बारीक खांदे, दोन वेण्या, वेण्यांच्या टोकाला रिबिनींची फुलं. कडेला कुठं रंग ओघळलेला नाही, कुठं एक रेष बाहेर गेलेली नाही. मी नियम पाळला होता ना. पसाभर रंग इकडेतिकडे फासला असता तर नुसता एक डाग दिसला असता. मी जेवढी होती तेवढीच झाकली होती, म्हणून जशीच्या तशी होती. आणि आजीच्या गुडघ्यावर पाच काळी बोटं.

आत्या उठली, चित्रापाशी गेली, आणि कापडाला न टेकवता आपला सुरकुतलेला हात त्या पाच बोटांसमोर धरला.

"ह्यो माझा हात," ती म्हणाली. "आई म्हणली व्हती, गुडघा धरून ऱ्हा, मंग हलायची न्हाईस." मग वळून अपेक्षाला म्हणाली, "सपान नव्हतं गं."

अपेक्षा अंधारातच माझ्याकडे बघत होती. "पप्पा, मीपण विचारायचे. सहा वर्षांची होते मी. ती पिवळी ताई कुठं गेली म्हणून विचारायचे. तुम्ही म्हणायचात, तुला स्वप्न पडलं असेल."

"हात फार सफाईदार आहे," विजयश्रीबाई आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "पण रंग चित्रकाराचा नाही. गाड्यांना वापरतात तसला वाटतोय."

"तसलाच आहे," मी म्हणालो. "मी लावला."

पडदे उघडल्यावर मी सगळं सांगितलं. वकील, प्रतिज्ञापत्र, डबा. कुणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं, की चेहरा शेवटी केला, आणि डोळे झाकायच्या वेळी ब्रश दोनदा धुतला, उगाचच. सांगून हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही.

आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जमिनीचं कळलं तवा मी रडले न्हाई. म्हणलं, दादाला नड आसंल. आरं, मला नुसता निरोप धाडला आसता तरी मी आले आसते. सही केली आसती, साडी घेतली आसती, जेवून गेले आसते. माझ्या नणंदांनी केल्या, जावंच्या बहिनींनी केल्या, मी काय येगळी व्हते? आन् जमिनीपायी मला चित्रातनं कशाला काढलंस रं? चित्रात काय माझा वाटा पडत व्हता?"

भीतीपोटी केलं म्हणावं तर चित्र माळ्यावर टाकता येत होतं. लोभापोटी म्हणावं तर ती सही द्यायला तयार होती. उरली ती माझी कारागिरीची मिजास. तेवढ्यासाठी मी पाच वर्षांच्या मुलीला तिच्या आईपासून वेगळं केलं होतं.

विजयश्रीबाई बोलल्या ते कामाचंच. आजींनी सांगितलेलं वर्णन जसंच्या तसं जुळतंय, तेव्हा हे मूळ चित्र आहे याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती. किंबहुना त्या लपवलेल्या मुलीमुळंच ते सिद्ध होत होतं. वरचा रंग वॉर्निशवर आहे, त्यामुळं खालची मुलगी शाबूत असणार. सांगायला लाज वाटते, पण चित्र खरं ठरलं हे ऐकून क्षणभर मला आनंद झाला. तेवढ्या घाणीतही झाला.

"मी काढतो तो रंग," मी घाईनं म्हणालो. "कोणतं थिनर लागतं ते मला..."

"तुम्ही चित्राला हात लावू नका, काका," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण आजवर माझ्या हाताला कुणी असं म्हणालं नव्हतं. "माझ्या ओळखीचे जाणकार आहेत, ते महिनाभरात काढतील." मग त्यांनी जबाबाचा कागद आत्यापुढं ठेवला. "आजी, तुमची इथं सही झाली की प्रमाणपत्र देता येईल."

आत्यानं पेन हातात घेतलं. कागदावर बोट फिरवत सावकाश सगळं वाचलं. चौथीपर्यंत शिकलेली आहे ती. मग पेनाला टोपण लावून कागदावर ठेवून दिलं.

"ती पोर भाईर येऊ द्या," ती म्हणाली. "तिला बघते, मंग करते."

ती निघाली तेव्हा पूनम धावत आत गेली. माहेरवाशीण रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून कपाटात नेहमी एकदोन साड्या ठेवलेल्या असतात. तिनं हळदकुंकू लावलं, नारळ दिला, आणि पिवळ्या रंगाची नवी साडी आत्याच्या हातावर ठेवून पाया पडली. पूनम रडत होती. आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःचं कुंकू नीट केलं, नारळ पदरात घेतला. साडी मात्र उचलून माझ्याकडे धरली.

"ही आता कशाची देता रं?" ती म्हणाली. "सही कुठं केलीया मी?"